भराव खाण संपल्यावरच टाकतात?

सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडे वर्षानुवर्षं फिरणारा समज असा: ‘भूमिगत खाणीतला भराव म्हणजे काम संपल्यावर खड्डा बुजवायला टाकलेली माती.’ आपल्याकडच्या जांभ्याच्या चिरेखाणी उघड्या असतात, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे.

भूमिगत खाणीत मात्र भराव चालू कामाचाच भाग असतो. खनिज काढलं की पोकळी उरते आणि तिच्या भिंती आत ढासळू पाहतात. ती पोकळी वाळू, दगडाचा चुरा किंवा खनिज वेगळं केल्यावर उरलेल्या गाळाने भरतात, गरजेनुसार थोडं सिमेंट मिसळून. भराव भिंतींना बाजूने आधार देतो, आणि मग शेजारचं खनिज काढता येतं. राणीगंज-झरियाच्या कोळसा खाणींत दामोदर नदीची वाळू पाण्याबरोबर आत सोडत, ती याचसाठी.

घरी पडताळा. डब्यात ओली वाळू भरा, दुसऱ्यात थोडं सिमेंट मिसळून. आठवड्याने दोन्ही डबे कापून काढा. नुसती वाळू सुकली की ढासळेल, सिमेंटची उभी राहील. शेजारचं खनिज काढल्यावर भरावाची उघडी पडणारी बाजू अशीच उभी राहावी लागते.

पण भराव टाकला म्हणजे जमीन अजिबात खचत नाही, असंही नाही. खचणं कमी होतं. आणि फोडलेला दगड जास्त जागा घेतो, म्हणून निघालेलं सगळं परत आत मावत नाही. एक चिरा फोडून त्याच्याच मापाच्या खोक्यात भरून बघा.