ग्वाल्हेरमधील परसबागेची हिवाळी निगा

नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत ग्वाल्हेरच्या कोरड्या थंडीत घराभोवतीच्या झाडांची करावी लागणारी निगा. इथला पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो. हिवाळ्यात एखादे मावठ झाले तर तेवढेच. जानेवारीत पहाटेचे तापमान सरासरी 6-7 अंश सेल्सिअस असते आणि काही रात्री त्याहून बरेच खाली जाते. शहरातल्या लष्कर नावाच्या भागातल्या मराठी घरांतून हौसेने जपलेली तुळस, अळू, कढीपत्ता, केळ, पपई ही सगळी उष्ण हवेची झाडे, त्यामुळे थंडीचा फटका आधी त्यांनाच बसतो.

खरा धोका दव गोठण्याच्या रात्रींचा. इथे त्याला ‘पाला पडणे’ म्हणतात. दुपारपासून आकाश निरभ्र, संध्याकाळी वारा पडलेला आणि हवा कोरडी असेल तर सावध व्हावे. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. शांत, निरभ्र रात्री गवताच्या पातळीवर त्याहून 3-4 अंश कमी भरतात, म्हणून अंदाज 4 अंशांचा असला तरी रोपांवर बर्फ धरू शकतो. दोन पेशींच्या मधल्या पोकळीत बर्फ झाला की तो पेशींतले पाणी ओढून घेतो आणि पाने उकडल्यासारखी काळी पडतात.

अशा दिवशी दुपारी वाफ्यांना हलके पाणी द्यावे. ओली माती दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. सूर्य मावळण्याआधी तुळशीवर गोणपाट किंवा जुनी चादर घालावी. ती जमिनीपर्यंत पोचली पाहिजे, कारण ऊब मातीतून येते. काठ्यांचा आधार देऊन कापड पानांपासून दूर ठेवावे. प्लॅस्टिक पानाला टेकले तर नेमके तिथेच पान जळते. सकाळी ऊन आल्यावर झाकण काढावे. पपईच्या कोवळ्या रोपाला तीन बाजूंनी गवताचा आडोसा करून आग्नेय बाजू उन्हासाठी मोकळी ठेवतात. कुंड्या दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत हलवाव्यात.

एरवी मात्र हिवाळ्यात थंडीपेक्षा जास्त झाडे पाण्याने मरतात. वाढ मंदावलेले झाड पाणी कमी ओढते. माती थंड आणि ओली राहून मुळे कुजतात. पाने पिवळी पडली की आणखी पाणी घातले जाते, ही नेहमीची चूक. बोट दोन इंच खोचून माती कोरडी लागली तरच सकाळी 10 नंतर पाणी द्यावे. धुक्याच्या दिवसांत अजिबात देऊ नये. अळूची पाने गळून गेली तरी कंद जिवंत असतो. त्याला जवळजवळ कोरडे ठेवावे. हरळीही पिवळी पडते, पण मेलेली नसते.

डिसेंबर-जानेवारीत युरिया टाळावा, कारण त्याने फुटणारी लुसलुशीत पालवी पहिल्याच कडाक्यात जाते. गुलाबाची छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास करावी. फुले 45-50 दिवसांनी येतात. थंडीने काळवंडलेल्या फांद्या मार्चपर्यंत कापू नयेत. मेलेला शेंडा खालच्या डोळ्यांना (कोंबांना) आडोसा देतो, शिवाय झाड कुठवर जिवंत आहे ते नवी पालवी फुटल्यावरच कळते. कापायची घाई झाली की बरेचदा जिवंत लाकूडही जाते. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरपासून तोडावे आणि थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत, छाटणी करून शेणखत द्यावे.

फेब्रुवारीत गुलाब आणि शेवंतीवर मावा येतो. लिटरभर पाण्यात 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली पातळ साबण मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारावे. त्याच सुमारास हरळीवर चाळलेली माती, वाळू आणि कुजलेले शेणखत समप्रमाणात मिसळून सेंटिमीटरभर थर द्यावा आणि पाणी पुन्हा नियमित करावे.