वनस्पतींचे रिसेप्टर: वाढ आणि रोगप्रतिकार

वनस्पतींचे रिसेप्टर म्हणजे मुख्यतः पेशीच्या पातळ पडद्यात रुतून बसलेली प्रोटीन्स, एक टोक बाहेर आणि एक आत. बाहेरचं टोक कोण आलंय ते ओळखतं, आतलं टोक बहुतेक वेळा कायनेज असतं, म्हणजे दुसऱ्या प्रोटीनवर फॉस्फेट चिकटवणारं एन्झाइम, आणि फॉस्फेट चिकटला की निरोप पुढे सरकतो. यातलं बरंचसं संशोधन अरॅबिडॉप्सिस नावाच्या, मोहरीच्या कुळातल्या एका छोट्याशा रोपावर झालंय आणि त्या एवढ्याशा रोपात या घराण्यातल्या प्रोटीनची ६०० पेक्षा जास्त जीन्स आहेत. आपल्या अंगात जंतूंच्या मागे लागणाऱ्या पांढऱ्या पेशी असतात, झाडात तसं फिरणारं काहीच नाही, त्यामुळे पानातल्या प्रत्येक पेशीला स्वतःचं रक्षण स्वतःच करावं लागतं आणि त्याच पेशीला वाढायचंही असतं. हा सगळा विषय या एकाच अडचणीभोवती फिरतो असं मला वाटतं.

आधी वाढीचं बघू. झाडांमध्ये ब्रासिनोस्टेरॉइड नावाचं हार्मोन असतं, नावाप्रमाणेच स्टेरॉइड. अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी मधमाश्यांनी गोळा केलेले रेप या मोहरीवर्गीय पिकाचे परागकण घेतले, सुमारे २२७ किलो, आणि त्यातून हाती लागलं फक्त ४ मिलिग्रॅम ब्रासिनोलाइड, त्याची रचना १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. (आपल्याकडचे द्राक्ष बागायतदार मण्यांच्या फुगवणीसाठी होमोब्रासिनोलाइड वापरतात ते याच घराण्यातलं.) हे हार्मोन ओळखणारा रिसेप्टर म्हणजे बीआरआय१, त्याचं जीन १९९७ मध्ये जियानमिंग ली आणि जोआन चोरी यांनी शोधलं. ज्या रोपात हे जीन बिघडलेलं असतं ते बुटकं, गडद हिरवं राहतं, पानं आखडतात, परागकण नीट होत नाहीत, आणि वरून कितीही हार्मोन दिलं तरी फरक पडत नाही कारण ऐकणाराच जागेवर नाही. जपान आणि कोरियात बार्लीच्या ‘उझू’ नावाच्या बुटक्या जाती पूर्वीपासून लावतात, त्यांच्यातही याच जीनमध्ये बारीकसा बदल सापडला.

आता रोगाचं. बऱ्याच बॅक्टेरियांना पोहण्यासाठी शेपटीसारखा फ्लॅजेला असतो, तो फ्लॅजेलिन या प्रोटीनचा बनलेला. त्यातला २२ अमिनो आम्लांचा एक तुकडा फारसा बदलत नाही, कारण तिथे गडबड झाली तर बॅक्टेरियाचं पोहणंच बिघडायची भीती. झाडं नेमका तोच तुकडा धरतात, त्याला फ्लॅजी२२ म्हणतात, आणि धरणारा रिसेप्टर एफएलएस२, तो स्वित्झर्लंडमधल्या बासेलमध्ये थॉमस बोलर यांच्या गटाने २००० मध्ये शोधला. तुकडा चिकटला की काही मिनिटांत पेशीत कॅल्शियम शिरतं, हायड्रोजन पेरॉक्साइडसारखे तिखट ऑक्सिजन रेणू बाहेर सोडले जातात, आतले कायनेज एकामागून एक जागे होतात, पानाची रंध्रं मिटतात म्हणजे बॅक्टेरियाला आत शिरायची वाटच बंद. आणि रोपाची वाढ खुंटते! फ्लॅजी२२ घातलेल्या पाण्यात कोवळी रोपं ठेवली की ती खुरटी राहतात, अजून एकही जंतू आलेला नसताना, आणि प्रयोगशाळेत रिसेप्टर चालू आहे की नाही हे तपासायला ही साधी पद्धत आजही वापरतात.

या दोन गोष्टी जोडल्या गेल्या त्या बीएके१ मुळे. हा एक छोटा कायनेज, २००२ मध्ये बीआरआय१ चा जोडीदार म्हणून सापडला, सगळ्यांनी तो वाढीच्या खात्यात टाकला, आणि २००७ मध्ये दोन गटांनी दाखवलं की एफएलएस२ ला सुद्धा हाच जोडीदार लागतो. पुढे क्रिस्टल रचना, म्हणजे स्फटिक करून टिपलेली प्रोटीनची नेमकी आकृती, आल्या तेव्हा चित्र आणखी स्पष्ट झालं, की हार्मोन काय किंवा फ्लॅजी२२ काय, तो रेणू मुख्य रिसेप्टर आणि बीएके१ यांच्या मध्ये डिंकासारखा बसतो, दोघं जवळ येतात आणि आतली कायनेज टोकं एकमेकांना फॉस्फेट लावतात. मग जोडीदार एकच तर निरोप वेगळे कसे? आत वाट पाहणारी माणसं वेगळी असतात म्हणून. एफएलएस२ जवळ बीआयके१ नावाचा कायनेज असतो, तो पेरॉक्साइडच्या यंत्रणेला हात लावतो. बीआरआय१ च्या बाजूने निरोप जाऊन बीआयएन२ हा ब्रेक सुटतो आणि बीझेडआर१ हे प्रोटीन केंद्रकात जाऊन वाढीची जीन्स चालू करतो.

इथे एक सोपं स्पष्टीकरण फार चालतं, की बीएके१ मोजकाच आहे, वाढीने घेतला तर संरक्षणाला उरत नाही. ऐकायला छान आहे पण पुरेसं नाही. २०१२ मध्ये दिसलं की ब्रासिनोस्टेरॉइडमुळे प्रतिकार कमी होतो खरा, पण एफएलएस२ आणि बीएके१ यांची जोडी त्यामुळे तुटत नाही, आणि २०१३ च्या कामात बीझेडआर१ स्वतःच प्रतिकाराची काही जीन्स दाबतो असं निघालं. म्हणजे निर्णय पडद्यावर कमी आणि केंद्रकात जास्त.

बॅक्टेरियांना मात्र बीएके१ चं महत्त्व चांगलं कळलंय. स्यूडोमोनास सिरिंजी हा झाडांना रोग करणारा बॅक्टेरिया आपल्या सुईसारख्या यंत्रणेतून एव्हीआरपीटीओ आणि एव्हीआरपीटीओबी ही प्रोटीन्स पेशीत टोचतो, ती थेट बीएके१ ला जाऊन चिकटतात. एक खिळा काढला की कितीतरी रिसेप्टर एकदम ढिले.

भाताची गोष्ट आपल्याला जास्त जवळची. कडा करपा हा झँथोमोनास ओरायझी या बॅक्टेरियाचा रोग. त्याला अडवणारं, असाच एक रिसेप्टर बनवणारं एक्सए२१ हे जीन आफ्रिकेतल्या ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा या रानटी भातातलं, ते पामेला रोनाल्ड यांच्या गटाने १९९५ मध्ये वेगळं काढलं, फ्लॅजेलिनच्या रिसेप्टरच्याही आधी. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालय आणि सीसीएमबी (पेशी आणि रेणू जीवशास्त्राचं केंद्र) यांनी एक्सए२१, एक्सए१३ आणि एक्सए५ अशी तीन जीन्स मार्कर (जीन आलंय की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणा) वापरून, निव्वळ संकर करून सांबा मसुरी या भाताच्या जातीत आणली आणि २००८ मध्ये ‘इम्प्रूव्हड सांबा मसुरी’ आली.

एक्सए२१ नक्की काय ओळखतो हे कळायला २०१५ उजाडलं. आधी दुसऱ्याच प्रोटीनचं नाव पुढे आलं होतं, त्या प्रयोगांत चूक आहे हे त्याच गटाने स्वतः शोधलं आणि २०१३ मध्ये पेपर मागे घेतला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. खरा रेणू निघाला रॅक्सएक्स, सल्फेट लावलेला छोटा पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची आखूड साखळी, आणि तो दिसतो झाडाच्या स्वतःच्या पीएसवाय या वाढीच्या हार्मोनसारखा. नुसता रॅक्सएक्स दिला तरी रोपाची मुळं लांब वाढतात, म्हणजे बॅक्टेरिया वाढीचाच निरोप खोट्या सहीने पाठवतोय. एक्सए२१ हा खोटा निरोप पकडतो, आणि पीएसवाय समोर आला तर त्याला हात लावत नाही.