३४-३२ : ॲपलॅचियन स्टेटने मिशिगनला हरवले त्यामागची पार्श्वभूमी

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमध्ये एखाद्या लिंबूटिंबू संघाने बलाढ्य संघाला पाणी पाजले की जाणकार चाहत्यांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो : हा धक्का ॲपलॅचियन स्टेटच्या तोडीचा आहे का? १ सप्टेंबर २००७ रोजी मिशिगन राज्यातील ॲन आर्बर इथे, १,०९,२१८ प्रेक्षकांसमोर, देशात पाचव्या क्रमांकावर असलेला मिशिगन विद्यापीठाचा संघ ३४-३२ असा हरला. हरवणारा संघ नॉर्थ कॅरोलायनातील बून या डोंगरी गावातला होता आणि मुळात खालच्या गटातला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये बांगलादेशने भारताला विश्वचषकात हरवले होते. तो निकाल आठवणाऱ्या मराठी वाचकाला ॲन आर्बरच्या मैदानात पसरलेली शांतता वेगळी समजवायला नको. फरक एवढाच, की बांगलादेश निदान त्याच स्पर्धेतला संघ होता.

हा निकाल चमत्कार म्हणून सांगितला जातो. तो चमत्कार नव्हता. शेवटच्या दीड मिनिटात नशिबाचा वाटा होता हे खरे, पण सामना तिथवर आला त्यामागे निदान तीन वर्षांची तयारी आणि पैशाचे, नियमांचे एक विशिष्ट गणित होते.

आधी गटांची व्यवस्था. एनसीएए या नियामक संस्थेने १९७८ साली पहिल्या श्रेणीतील फुटबॉलचे दोन भाग केले. २००६ पासून वरच्या गटाला एफबीएस आणि खालच्याला एफसीएस म्हणतात. दोहोंतला कळीचा फरक शिष्यवृत्त्यांचा होता. त्या काळी वरच्या गटातील संघाला ८५ खेळाडूंना पूर्ण शिष्यवृत्ती देता येई. खालच्या गटातील संघाला ६३ पूर्ण शिष्यवृत्त्यांइतकीच रक्कम देता येई, आणि तीही ८५ जणांपर्यंत तुकडे करून वाटता येई. म्हणजे अकरा जणांची पहिली फळी दोन्हीकडे उभी राहते, पण दमलेल्याच्या जागी कोण येणार, हा प्रश्न खालच्या संघाला चौथ्या, म्हणजे शेवटच्या, क्वार्टरमध्ये भोवतो. असे काही सामने मध्यंतरापर्यंत अटीतटीचे राहतात आणि नंतर एकतर्फी होतात, त्याचे एक कारण हेच. बचावफळीतले सव्वाशे-दीडशे किलोचे खेळाडू ताशी वीस-तीस वेळा धडका घेतात. त्यांची अदलाबदल करायला माणसे नसली की पाय उचलत नाहीत.

मग असे विषम सामने ठरवतातच का? २००६ च्या हंगामापासून एफबीएस संघांना बाराव्या सामन्याची कायमची मुभा मिळाली. शिवाय हंगामअखेरच्या बोल सामन्यांसाठी लागणाऱ्या सहा विजयांत एफसीएस संघावरचा एक विजय दरवर्षी धरला जाऊ लागला. आधी ही सवलत चार वर्षांतून एकदाच होती. लाखभर तिकिटे विकणाऱ्या विद्यापीठाला घरच्या मैदानावरचा आणखी एक सामना हवाच असतो. तोलामोलाचा संघ बोलावला तर पुढच्या वर्षी त्याच्या गावी जावे लागते. छोटा संघ मात्र परतभेट मागत नाही, धनादेश घेतो आणि जातो. मिशिगनने ॲपलॅचियन स्टेटला ४ लाख डॉलर दिले होते. छोट्या महाविद्यालयाच्या क्रीडा विभागाचे वर्षभराचे बरेच खर्च अशा एका रकमेतून निघतात, त्यामुळे मार खायला जाण्यातही त्यांना हिशेब दिसतो. लास वेगासच्या बहुतेक सट्टेबाजांनी या सामन्यावर दरसुद्धा काढला नव्हता.

इथेच सगळ्यांची पहिली चूक झाली. ॲपलॅचियन स्टेट हा खालच्या गटातला कुठलाही एक संघ नव्हता. २००५ आणि २००६ अशी सलग दोन वर्षे तो त्या गटाचा राष्ट्रीय विजेता होता. पण असोसिएटेड प्रेसच्या क्रमवारीत एफसीएस संघांना जागाच नव्हती. त्यामुळे त्यांची ताकद वरच्या गटाच्या मोजपट्टीवर कधी मोजलीच गेली नव्हती. ज्याला मोजत नाही, त्याला कमी समजणे सोपे जाते.

आता आक्रमणाची गोष्ट, कारण खरे मर्म तिथे आहे. प्रशिक्षक जेरी मूर १९८९ पासून बूनमध्ये होते. २००४ च्या सुमारास, साठी ओलांडल्यावर, त्यांनी आपली जुनी आक्रमणपद्धत मोडीत काढली आणि 'स्प्रेड' स्वीकारली. ती शिकायला त्यांचे सहकारी वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचे प्रशिक्षक रिच रॉड्रिग्ज यांच्याकडे गेले होते. या पद्धतीत क्वार्टरबॅक (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) खेळी सुरू होते त्या रेषेपासून चार-पाच यार्ड मागे उभा राहतो, आणि तीन-चार रिसीव्हर (पास झेलणारे) मैदानाच्या पूर्ण ५३ यार्ड रुंदीवर पसरतात. ते पसरले की बचावालाही पसरावे लागते. मधली गर्दी कमी होते, आणि मिशिगनसारख्या संघाची मोठी मालमत्ता, म्हणजे मधल्या फळीचे वजन, निम्मी निकामी होते.

त्याच्या जोडीला 'झोन रीड'. यात बचावाच्या टोकाच्या खेळाडूला आक्रमणातले कोणीही अडवत नाही, मुद्दाम मोकळा सोडतात. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या) पोटाशी धरतो आणि त्या मोकळ्या खेळाडूकडे बघतो. तो आत, रनिंग बॅककडे झेपावला तर क्वार्टरबॅक चेंडू काढून घेऊन त्यानेच मोकळ्या केलेल्या जागेतून पळतो. तो जागीच थांबला तर चेंडू रनिंग बॅकला मिळतो. एका माणसाला हात न लावता बाद केल्यामुळे अडवणारा एक खेळाडू शिल्लक राहतो, आणि अकरा विरुद्ध अकराचा सामना आक्रमणाच्या बाजूने झुकतो. हे सगळे अर्ध्या सेकंदात वाचणारा क्वार्टरबॅक मात्र हवा. ॲपलॅचियन स्टेटकडे अर्मांटी एडवर्ड्स होता. पुढे १०,००० यार्ड पास आणि ४,००० यार्ड धाव पूर्ण करणारा पहिल्या श्रेणीतील तो पहिला खेळाडू ठरला. त्या दिवशी तो महाविद्यालयातला दुसरा हंगाम सुरू करत होता.

मिशिगनच्या बाजूने पाहावे. २००६ मध्ये त्यांनी ओळीने ११ सामने जिंकले, मग ओहायो स्टेटकडून ४२-३९ आणि रोझ बोलमध्ये यूएससीकडून (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) ३२-१८ असे हरले. चॅड हेनी, माइक हार्ट, जेक लाँग, मारिओ मॅनिंगहॅम हे आक्रमण शाबूत होते, म्हणूनच त्यांना पाचवा क्रमांक मिळाला. पण बचावातले लामार वुडली, ॲलन ब्रँच, डेव्हिड हॅरिस, लिऑन हॉल गेले होते. हंगामपूर्व क्रमवारी देणारे परतणाऱ्या क्वार्टरबॅककडे बघतात, गेलेल्या लाइनबॅकरकडे (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूकडे) फारसे बघत नाहीत. ज्या जागेवर खिंडार पडले होते, नेमकी तिथेच स्प्रेड पद्धत बोट घालते.

सामन्यात तेच झाले. हार्टने मिशिगनला ७-० आघाडी दिली. त्यावर एडवर्ड्सने डेक्स्टर जॅक्सनला एक छोटा तिरका पास टाकला, आणि जॅक्सनने तो ६८ यार्ड नेला. पास लांब नव्हता, हे ध्यानात घ्यावे. चेंडू हातात आल्यावर मागच्या बचावपटूंनी चुकीच्या कोनातून पाठलाग केला आणि वेगात ते मागे पडले. पसरलेल्या बचावात एक टॅकल हुकला की मदतीला दुसरा माणूस जवळ नसतो. दुसऱ्या क्वार्टरमध्ये पाहुण्यांनी तीन टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे, सहा गुण) केले आणि धावफलक २८-१४ झाला, मध्यंतराला २८-१७. एडवर्ड्सचे अखेरचे आकडे २३ पैकी १७ पास, २२७ यार्ड, तीन टचडाउन, शिवाय धावून ६२ यार्ड आणि एक टचडाउन. दोन इंटरसेप्शनही (समोरच्याने झेललेले पास) त्याच्या नावावर आहेत.

त्या दोन इंटरसेप्शनवर थोडे थांबायला हवे. लिंबूटिंबू जिंकतो तेव्हा सहसा समोरच्याने चेंडू गमावलेले असतात, इथे मात्र ॲपलॅचियन स्टेट स्वतः चेंडू गमावूनही जिंकला. पाच आठवड्यांनी, ६ ऑक्टोबर २००७ ला, ४१ गुणांनी हरणार असे मानलेल्या स्टॅनफर्डने यूएससीला २४-२३ असे हरवले. तो त्या नेहमीच्या जातीचा धक्का. यूएससीच्या जॉन डेव्हिड बूटीने दुखावलेल्या बोटासह चार इंटरसेप्शन दिले, आणि स्टॅनफर्डने विजयी टचडाउन ४९ सेकंद उरले असताना चौथ्या डाउनवर (दहा यार्ड जाण्यासाठी मिळणाऱ्या चार संधींपैकी शेवटच्या) केला. विश्लेषक म्हणून मला हे दोन सामने शेजारी ठेवून बघणे सगळ्यात उपयोगी वाटते. प्रत्येक खेळी यशस्वी की अयशस्वी हे ठरवायची एक रूढ रीत आहे : पहिल्या डाउनवर हव्या असलेल्या यार्डांपैकी निम्मे, दुसऱ्यावर ७० टक्के, तिसऱ्या-चौथ्यावर पूर्ण. या मोजणीत जो संघ पुढे असतो आणि तरी हरतो, त्याच्यावर बहुधा निसटलेल्या चेंडूंनी अन्याय केलेला असतो. जो पुढे राहून जिंकतो, त्याला आपण आधी चुकीचे जोखलेले असते. हंगामाचा शेवट हा भेद उघड करतो. स्टॅनफर्डने ते वर्ष ४ विजय आणि ८ पराभवांवर संपवले. ॲपलॅचियन स्टेटने डेलावेअरला ४९-२१ हरवून सलग तिसरे राष्ट्रीय विजेतेपद घेतले.

उत्तरार्धात मिशिगन परतला. मांडीच्या दुखापतीमुळे बराच वेळ बाहेर बसलेला हार्ट पुन्हा मैदानात आला. त्याने सामन्यात १८८ यार्ड काढले. इथे एक हिशेब आजही वादाचा आहे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३१-२० ने मागे असताना मिशिगनने टचडाउन केला. टचडाउननंतर एका गुणाची सोपी किक मारायची की दोन गुणांचा प्रयत्न करायचा? प्रशिक्षक लॉइड कार यांनी दोन निवडले. प्रयत्न फसला, ३१-२६. मग ४ मिनिटे ३६ सेकंद उरली असताना हार्टने ५४ यार्ड धावून ३२-३१ केले. पुन्हा दोनचा प्रयत्न, पुन्हा फसला. दोन्ही वेळा किक मारून गुण मिळाले असते तर धावफलक ३४-३१ झाला असता, आणि ॲपलॅचियनच्या शेवटच्या फील्ड गोलने (किक मारून चेंडू खांबांतून पाठवणे, तीन गुण) फक्त बरोबरी झाली असती. दुसरा निर्णय बरोबरच होता. एका गुणाची आघाडी आणि दोनाची आघाडी, दोन्ही एका फील्ड गोलने जातात. तीनची असेल तर त्याने फक्त बरोबरी होते. पहिला मात्र घाईचा होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये समोरचा अजून किती वेळा गुण करेल हे ठाऊक नसते, आणि दोनचा प्रयत्न फसण्याची शक्यता जमण्याइतकी तरी असतेच. अशा वेळी हातातला गुण घ्यावा.

त्यानंतर मिशिगनने एडवर्ड्सचा पास हिसकावला आणि ४३ यार्डांवरून फील्ड गोलचा प्रयत्न केला. तो अडवला गेला. १ मिनिट ३७ सेकंद, एकही टाइमआउट हाती नाही. अशा अवस्थेत पाहुणे सात खेळींत ६९ यार्ड गेले. इथे बदली खेळाडूंचा प्रश्न पुन्हा येतो, पण उलटा : खेळींच्या मध्ये घोळका करून सल्लामसलत न करता खेळण्याची सवय स्प्रेड संघाला असते, आणि दमलेल्या बचावाला माणसे बदलायला वेळ मिळत नाही. २६ सेकंद उरले असताना ज्युलियन राउशने २४ यार्डांवरून चेंडू खांबांतून पाठवला. ३४-३२.

हेनीने मॅनिंगहॅमला ४६ यार्डांचा पास दिला, चेंडू २० यार्डांच्या रेषेवर, घड्याळात ६ सेकंद. फील्ड गोलमध्ये चेंडू धरणारा रेषेच्या सात यार्ड मागे बसतो आणि खांब गोलरेषेच्या दहा यार्ड मागे असतात, म्हणून किक ३७ यार्डांची. चेंडू मागे येऊन पायावर बसेपर्यंत जेमतेम सव्वा सेकंद जातो. कडेच्या अडवणाऱ्याने आधी आतली फट बुजवायची आणि मग बाहेरच्याला धक्का द्यायचा, असा नियम आहे. यात क्षणभर ढिलाई झाली की कडेने येणारा थेट चेंडूच्या वाटेवर पोहोचतो. कोरी लिंच असाच पोहोचला. त्याने चेंडू अडवला, उचलला आणि ५२ यार्ड पळत गेला. वेळ संपली होती. शेवटच्या दोन मिनिटांत मिशिगनच्या दोन किक अडवल्या गेल्या. सरावात सगळ्यात कमी वेळ ज्याला मिळतो त्या विभागाने निकाल ठरवला.

बूनमध्ये विद्यार्थ्यांनी आपल्याच रिकाम्या मैदानावरचे गोलखांब उपटून कुलगुरूंच्या घरी नेले. मिशिगन पाचव्या क्रमांकावरून एका आठवड्यात क्रमवारीबाहेर गेला, आणि असोसिएटेड प्रेसने एफसीएस संघांना मते देण्याची मुभा दिली. पुढच्या शनिवारी ओरेगनने मिशिगनला ३९-७ असे लोळवले, तेही स्प्रेडनेच. मोसम ९-४ वर संपवून कार निवृत्त झाले. त्यांच्या जागी मिशिगनने आणले ते रिच रॉड्रिग्ज, म्हणजे ज्यांच्याकडे बूनचे प्रशिक्षक शिकायला गेले होते तेच. पण स्प्रेडसाठी घडवलेले खेळाडू हाताशी नव्हते आणि २००८ मध्ये मिशिगन ३-९ वर राहिला. पद्धत उचलून आणता येते, ती खेळणारी माणसे घडवायला बूनमध्ये तीन हंगाम लागले होते.

ॲपलॅचियन स्टेट २०१४ मध्ये वरच्या गटात गेला आणि पहिलाच सामना ॲन आर्बरला ५२-१४ असा हरला. १० सप्टेंबर २०२२ ला त्यांनी टेक्सास ए अँड एमला त्यांच्या घरी १७-१४ हरवले. तेव्हाचा धनादेश १५ लाख डॉलरचा होता.