पाटी ते एलसीडी: मुलांच्या चित्र-खेळण्यांमागचा इतिहास

इंदूरला राजवाड्याच्या आसपास खेळण्यांच्या दुकानांत सध्या काळ्या स्क्रीनवर रंगीत रेघा उमटणाऱ्या एलसीडी पाट्या सगळीकडे टांगलेल्या दिसतात, रिटर्न गिफ्टमध्येपण ह्याच वाटतात, आणि घरोघरी प्रश्न एकच, ह्याने पोराला चित्र काढता येईल का नुसता टाइमपास? त्याचं उत्तर थोडं मागे गेल्याशिवाय मिळत नाही.

मूळ आहे पाटीतच. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढून पूजा करतात, म्हणजे कित्येक मराठी घरांत मुलाने नीट बसून काढलेलं पहिलं चित्र तेच असतं, काही आकड्यांच्या रेघांतून उभा राहिलेला एक आकार. तिकडे जर्मनीत फ्रोबेल नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली, ज्यातून पुढे किंडरगार्टन आलं, आणि त्याच्या पद्धतीत मुलांना चौकटी आखलेली पाटी द्यायचे, आधी एका चौकटीएवढी उभी रेघ, मग दोन चौकटींची, मग आडवी, मग तिरपी, आणि त्यातून नक्षी. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण चित्र शिकवायचं म्हणजे आधी हाताला रेघेची सवय लावायची हे त्याने ओळखलं होतं आणि चुकलं तर ओल्या फडक्याने पुसता येत होतं, कागद वाया जायची भीती नव्हती.

पुसण्याची हीच सोय पुढच्या बहुतेक खेळण्यांनी वेगवेगळ्या युक्त्यांनी आणली. मेणाच्या थरावर पातळ प्लास्टिकचा पडदा असलेली मॅजिक स्लेट आपल्यातल्या पुष्कळांनी वापरली असेल, पडदा उचलला की अक्षरं गायब, पण खालच्या मेणावर दाबाच्या खुणा राहतात. १९२५ मध्ये मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइडने माणसाच्या स्मृतीबद्दल एक छोटा निबंध प्रसिद्ध केला तो चक्क ह्याच खेळण्यावरून!

मग १९६० चं एच-अ-स्केच. आंद्रे कासान्य नावाच्या फ्रेंच इलेक्ट्रिशियनने ते शोधलं आणि अमेरिकेतल्या ओहायो आर्ट कंपनीने बाजारात आणलं, काचेला आतून ॲल्युमिनियमची पावडर चिकटलेली असते, दोन गोल बटणं फिरवली की आतली सुई पावडर खरवडते, एक बटण आडवी रेघ देतं दुसरं उभी, आणि उलटं करून हलवलं की पाटी कोरी. गंमत भरपूर, पण वर्तुळ काढायला गेलं की दोन्ही हात एकाच वेळी वेगवेगळ्या वेगाने फिरवावे लागतात, त्यामुळे पेन्सिलीचा हात त्याने तयार होत नाही असं माझं मत, डोळा आणि हात यांचा ताळमेळ मात्र नक्की सुधारतो. स्पायरोग्राफचंही तसंच, इंग्लंडच्या डेनिस फिशरने १९६५ मध्ये आणलेलं, दाते असलेल्या चकत्या फिरवून सुंदर नक्षी मिळते, पण ती नक्षी त्या चकत्यांच्या गणिताची असते.

मॅग्नेटिक बोर्ड जपानच्या पायलट कंपनीकडून आला, १९७४ मध्ये. त्यांच्या इंजिनिअरांना खरं म्हणजे धूळ न उडणारा फळा करायचा होता. मधमाशीच्या पोळ्यासारख्या कप्प्यांत घट्ट पांढरं द्रव, त्यात काळे चुंबकीय कण, पेनच्या टोकाला चुंबक, कण वर ओढले जातात की रेघ दिसते, खालून पट्टी सरकवली की कण परत तळाला. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला पहिलं काही द्यायचं असेल तर मी हेच सुचवीन, हातात पेन धरूनच काढायचं असतं आणि भिंती वाचतात.

दुसरी एक वाट इटलीच्या शिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरींची. त्यांची पहिली शाळा रोममध्ये १९०७ ला सुरू झाली, तिथे धातूच्या चौकटीत बसणारे आकार असायचे, मूल त्यांच्या कडेने रंगीत पेन्सिल फिरवायचं आणि आतला भाग रेघांनी भरायचं. आजच्या स्टेन्सिल त्याच जातीच्या, पण मॉन्टेसरींचा हेतू लिहिण्यासाठी हात तयार करण्याचा होता हे आपण विसरतो आणि हत्ती-घोड्याची तयार स्टेन्सिल देऊन म्हणतो की बघा, चित्र काढलं.

आणि इथेच आपल्या इंदूरची गोष्ट सांगायलाच हवी. १९२७ मध्ये द. दा. देवळालीकरांनी इथे चित्रकलेची शाळा सुरू केली, चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन दोघंही त्यांच्या हाताखाली शिकले, बेंद्रे तर पुढे १९५० मध्ये बडोद्याला जाऊन फाइन आर्ट्सची फॅकल्टी उभी करणाऱ्यांत होते. देवळालीकरांचेच विद्यार्थी विष्णू चिंचाळकर, ज्यांना अख्खं इंदूर गुरुजी म्हणायचं, त्यांनी वाळकी पानं, काटक्या, फुटके डबे असल्या टाकाऊ वस्तूंतून पक्षी, चेहरे, माणसं करून दाखवली आणि मुलांना तसं बघायला लावलं. माझ्या दृष्टीने स्केचिंग शिकवणारं सगळ्यात चांगलं खेळणं हेच, कारण नीट बघायची सवय त्यातून लागते आणि ती वर सांगितलेल्या एकाही डब्यात मिळत नाही.

आता ती एलसीडी पाटी. अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्याच केंट डिस्प्लेज कंपनीने २०१० मध्ये बूगी बोर्ड नावाने ती आणली, पेनचा दाब पडला की आतल्या लिक्विड क्रिस्टलची रचना बदलते आणि तेवढी जागा प्रकाश परावर्तित करते, दिसायला वीज लागतच नाही, छोटा सेल फक्त पुसायला. स्वस्त मॉडेलमध्ये एकच रेघ पुसता येत नाही, सगळंच जातं, आणि काही सेव्हही होत नाही, म्हणून सोबत एक साधी वही ठेवा, तारीख टाकून, म्हणजे पोराचा हात कुठून कुठे आला ते त्याला आणि तुम्हालाही दिसेल. घेताना मागचं सेलचं झाकण स्क्रूने बंद होतंय ना तेवढं बघा, तो गोल सेल लहान मुलाने गिळला तर फार धोकादायक असतो.