ओट्याचा दगड घेताय? आधी तुकडा घरी न्या

घराचं काम काढलं की ओट्याचा दगड बहुतेक घरांत सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात घाईत निवडला जातो. मिस्त्री उद्या यायचा असतो, दुकानात पाण्याचा हात फिरवलेले पाट चकाकत असतात, आणि बोट पटकन रंगावर जातं. आमची विनंती एवढीच आहे: जो दगड आवडला त्याचा वीतभर तुकडा मागून घ्या आणि घरी न्या. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.

घरी गेल्यावर त्याच्या एका कोपऱ्यात तेलात कालवलेली हळद लावा, दुसऱ्यात लिंबाची फोड उपडी ठेवा. तिसऱ्यात काळ्या मसाल्याच्या तर्रीचे दोन थेंब टाका. रावेर-यावलकडच्या मंडळींनी कच्च्या केळीचा चीकही लावून बघावा. तो वाळला की तपकिरी होतो आणि कपड्यावरून जसा जात नाही तसाच फिक्या दगडावरूनही सहज जात नाही. रात्रभर राहू द्या. सकाळी साध्या साबणाने धुऊन जे उरेल, तेच पुढे रोज बघायचं आहे.

हे शहाणपण आम्हाला उशिरा आलं. एका घरी आम्ही पांढऱ्या संगमरवराचा ओटा बसवून दिला. हट्ट त्यांचा होता, पण ‘नको’ म्हणायचं काम आमचं होतं, आणि ते आम्ही केलं नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पाहुणे आले, मांडे झाले, कैरीचं पन्हं झालं. पन्ह्याचं पातेलं जिथे टेकलं होतं तिथे दुसऱ्या दिवशी एक मंद गोल दिसायला लागला. पुसून जाईना, घासून जाईना. घरच्या आजी आम्हाला म्हणाल्या, “भाऊ, वटा गोरा शे, पन कामना नही.” म्हणजे ओटा गोरा आहे, पण कामाचा नाही. दोनदा पॉलिश करून दिलं, शेवटी दगडच बदलून दिला.

तो गोल डाग नव्हताच. संगमरवर ही चुन्याच्या दगडाचीच जात. लिंबू, चिंच, कैरी, ताक, काहीही आंबट पडलं की वरचं पॉलिश खाल्लं जातं. म्हणून साबणाने काही होत नाही, पुन्हा घासून पॉलिशच करावं लागतं. देवघराला संगमरवर जरूर लावा, तिथे चिंचेचा कोळ कोणी काढत नाही.

कडप्पा, शहाबादी आणि कोटा हेही चुनखडीचेच दगड. कडप्पा आंध्रातला, शहाबादी कलबुर्गीकडचा, कोटा राजस्थानातला. आपल्याकडच्या जुन्या घरांत काळ्या कडप्प्याचे ओटे वर्षानुवर्षं टिकलेत, कारण त्यांच्याकडून कोणी चकाकीची अपेक्षाच केली नाही. लिंबाचे पांढुरके ठिपके त्यावरही पडतात. आज आम्ही कडप्पा ओट्याखालचे उभे पाय, आतल्या मांडण्या आणि मागच्या अंगणातल्या मोरीसाठी सुचवतो. तिथे त्याच्याइतकं स्वस्त आणि भक्कम दुसरं काही नाही.

ग्रॅनाइट

दहातल्या आठ घरांना आम्ही हाच सांगतो, आणि त्यात आमचा नफा जास्त आहे असं मुळीच नाही. गरम कढई थेट ठेवली तरी सहसा काही होत नाही, सुरीचा ओरखडा पडत नाही, आंबटाचं भय नाही. खान्देशची जमीन काळ्या बसाल्टची, त्यामुळे ग्रॅनाइट इथे निघत नाही; तो राजस्थान, कर्नाटक, आंध्र, तेलंगणातून येतो. सोनेरी चमचम असलेला ब्लॅक गॅलॅक्सी आंध्रातल्या चिमाकुर्तीचा. भूगर्भशास्त्रवाले त्याला ग्रॅनाइट म्हणत नाहीत, पण बाजार म्हणतो.

घेताना दोन गोष्टी आमच्यासमोरच करून बघा. पांढऱ्या फडक्यावर नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन घेऊन काळ्या दगडावर घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, आणि तो रंग गॅसजवळ आधी उतरेल. मग पाण्याचे चार थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा. खाली ओलसर काळपट ठसा उरला तर दगड पाणी पितो, म्हणजे तेलही पिणार. असा दगड घ्यायचाच असेल तर त्यावर सीलर (छिद्रं बुजवणारं द्रावण) मारून घ्या, आणि काही वर्षांनी पुन्हा मारावा लागेल हे धरून चाला.

रंगाबद्दल एक. घरात बोअरचं पाणी असेल तर कुळकुळीत काळा घेऊ नका. नळाभोवती पाणी वाळून पांढरा थर चढतो आणि काळ्यावर तो लांबून दिसतो. करडा किंवा तपकिरी, ठिपक्यांचा दगड घ्या. तो थर काढायला संडास धुवायचं ॲसिड ओतणारे लोक आम्ही पाहिलेत. तसं करू नका, दगडाची चमक जाते.

क्वार्ट्झ

दिसायला सुंदर, रंग एकसारखा, तेल-पाणी पीत नाही. साधारण नव्वद टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी तो धरून ठेवणारं प्लास्टिकसारखं रेझिन, असा तो कारखान्यात बनतो. अडचण त्या रेझिनची. भाकरीचा तवा किंवा मांड्याचं खापर उतरवून थेट त्यावर टेकवलं तर पिवळा चट्टा पडतो, कधी तडाही जातो. पश्चिमेच्या खिडकीतून रोज ऊन येत असेल तर रंगही बदलतो, आणि आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन काय सांगावं! घरात सगळ्यांना तव्याखाली लाकडी पाट ठेवायची सवय असेल तरच क्वार्ट्झ घ्या.

कापताना उडणारी त्याची धूळ फुप्फुसाला फार वाईट. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने 1 जुलै 2024 पासून त्यावर बंदी घातली. आम्ही क्वार्ट्झ आणि ग्रॅनाइट दोन्ही पाणी मारूनच कापतो. तुमच्या घरात कोणी कोरडं कटर चालवू लागला, तर त्याला थांबवा.

बसवताना

जाडी 18 ते 20 मिलिमीटर असावी. सगळ्यात नाजूक जागा सिंकच्या पुढची अरुंद पट्टी. तिथे खालून आधार हवाच, आणि कडेला जोड नको. ठेचा कुटायचा खलबत्ता तर तिथे नकोच. तो जिथे खाली उभा पाय आहे तिथे ठेवा, बुडाशी गोणपाटाची घडी टाकून.

जुना ओटा न फोडता त्यावरच नवा पाट चिकटवता येतो. खर्च वाचतो, पण उंची इंच-दीड इंच वाढते. ज्या घरात रोज भाकऱ्या थापल्या जातात तिथे हा इंच खांद्याला जाणवतो. म्हणून माप घ्यायला आमचा माणूस येईल तेव्हा स्वयंपाक करणाऱ्या ताई किंवा काकू घरी असू द्या. त्यांना ओट्यापाशी उभं करून आम्ही उंची ठरवतो.

दर चौरस फुटाचा असतो, कडेच्या गोलाईचा वेगळा, रनिंग फुटाने, म्हणजे नुसत्या लांबीवर. कापताना वाया जाणारा दगड मापात धरलाय की नाही, हे आम्हालाही विचारा आणि दुसऱ्या दुकानातही विचारा. नुसत्या दराची तुलना करून फसायला होतं.

आणि तुकडा परत आणाल तेव्हा उरलेला डाग घासत बसू नका. तो तसाच आणा. तुमच्या ओट्यावर काय काय सांडतं ते त्यावरून आम्हाला कळतं.