घाटासाठी रोड बाइकची गियररचना

रोड बाइकच्या पुढच्या चेनरिंगवरील (पॅडलजवळच्या दातेरी चकतीवरील) आणि मागच्या कॅसेटवरील (मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांच्या संचावरील) दात्यांची जुळणी बदलून तिचा सर्वांत हलका गियर आणखी हलका करणे, जेणेकरून लांब चढावरही पॅडल पुरेशा वेगाने फिरत राहील, याला घाटासाठी गियररचना बदलणे म्हणतात. स्पर्धेच्या जगानेही हलक्या गियरला सहज जागा दिली नाही. टूर द फ्रान्समध्ये डिरेल्युअर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारी यंत्रणा, वापरण्याची परवानगी मिळाली ती 1937 मध्ये.

इंदूरच्या सायकलस्वाराला या बदलाची निकड विशेष जाणवते. शहर माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर नर्मदेचे खोरे विंध्याच्या कड्याखाली आहे. त्यामुळे बडवाह-ओंकारेश्वरच्या वाटेवरील भेरू घाट किंवा महूहून मंडलेश्वर-महेश्वरकडे उतरणारा, अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या जाम दरवाज्याजवळचा घाट जाताना उतार असतो आणि परतताना, पाय थकलेले असताना, चढ होऊन समोर येतो. पुण्याहून सिंहगडावर जाणाऱ्याला चढ आधी लागतो. इंदूरकराने मात्र गियर निवडताना ताज्या पायांचा हिशेब धरूच नये.

पुढे 39 आणि मागे 25 दाते असताना पॅडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे 3.3 मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला 80 फेऱ्यांनी ताशी साधारण 16 किलोमीटर वेग मिळतो. सायकलसह 80 किलो वजन सात टक्के चढावर या वेगाने नेण्यास सुमारे 280 वॅट शक्ती लागते, जी बहुतेक हौशी सायकलस्वारांना अर्धा तास टिकवता येत नाही. पुढे 34 आणि मागेही 34 दाते असतील, तर तेवढ्याच फेऱ्यांत वेग ताशी 10 किलोमीटर राहतो आणि सुमारे 170 वॅट पुरतात. एवढीच शक्ती जुन्या जोडीवर लावली तर फेरे मिनिटाला पन्नासच्या आसपास येतात, प्रत्येक फेऱ्यातला जोर दीडपटीहून अधिक होतो आणि त्याचा भार गुडघ्यांवर पडतो.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणून आधी कॅसेट बदलावी. मात्र मागचा डिरेल्युअर किती मोठी चकती पेलतो आणि किती सैल चेन आवरतो, हे प्रथम पाहावे लागते. पुढच्या दोन चेनरिंगमधील आणि कॅसेटच्या दोन टोकांच्या चकत्यांमधील दात्यांचे फरक जोडले की लागणारी क्षमता कळते: 50/34 च्या चेनरिंग आणि 11-34 ची कॅसेट यांसाठी ती 16 अधिक 23, म्हणजे 39 येते. शिमानो कंपनीच्या 105 मालिकेतील आर7000 डिरेल्युअरचा आखूड पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणाऱ्या खालच्या भागाचा) प्रकार 30 दात्यांपर्यंतच चालतो, लांब पिंजऱ्याचा 34 पर्यंत. मोठी कॅसेट बसवल्यावर जुनी चेन बहुधा अपुरी पडते, आणि पुढची मोठी व मागची मोठी चकती चुकून एकत्र पडल्यास अशी आखूड चेन डिरेल्युअर मोडू शकते. म्हणून चेनची लांबी याच जोडीवर तपासणे अनिवार्य आहे.

या बदलाची किंमत सपाटीवर मोजावी लागते. अकरा चकत्यांच्या 11-25 कॅसेटमध्ये 11 ते 17 एकेका दात्याने वाढतात. 11-34 मध्ये त्याच टप्प्यात 11, 13, 15, 17 एवढेच उरतात. माळव्याच्या मोकळ्या रस्त्यावर समोरून वारा असताना 15 जड आणि 17 हलका वाटतो, आणि मधल्या 16 ची उणीव खरोखर जाणवते.

म्हणून ज्यांना घाट वारंवार चढायचा आहे त्यांनी पुढची बाजूही बदलावी. चेनरिंगचे बोल्ट 130 मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असलेल्या जुन्या क्रँकवर (पॅडल आणि चेनरिंग ज्यावर बसतात त्या दांड्यांच्या जोडीवर) 38 पेक्षा लहान चेनरिंग बसत नाही. 34 साठी 110 मिलिमीटरचा क्रँक घ्यावा लागतो. त्याहून हलका 46/30 चा क्रँकही मिळतो. त्याची मोठी चेनरिंग मागच्या 11 दात्यांसोबत मिनिटाला 90 फेऱ्यांनी ताशी सुमारे 47 किलोमीटर वेग देते, आणि वळणावळणाच्या घाटात उतरताना त्याहून अधिक वेगात पॅडल मारण्याची वेळ सहसा येत नाही.