चेहऱ्यावरचा लालपणा, मुरूम आणि लेसर : उपचाराला बसण्यापूर्वी वाचा

‘चेहरा लाल दिसतो, लेसर करायचंय’ असं सांगत बरेच जण आमच्याकडे येतात. त्यांना आम्ही सगळ्यात आधी विचारतो, की हा लालपणा कशामुळे आला आहे? लेसरला आजाराचं नाव कळत नाही. त्याचा प्रकाश त्वचेतला ठरावीक रंग शोधतो आणि तिथे उष्णता सोडतो. त्यामुळे निदान चुकलं, तर उत्तम यंत्रसुद्धा उपयोगाचं नाही. उलट त्रास वाढू शकतो. हे पत्रक लांबलं आहे, पण उपचाराचा निर्णय तुमचा असल्यामुळे तो पूर्ण माहितीनिशी व्हावा असं आम्हाला मनापासून वाटतं.

लालपणा नेमका कोणता?

गाल, नाक, हनुवटी आणि कपाळाचा मधला भाग पुन्हापुन्हा तापून लाल होतो, हळूहळू तो लालपणा जातच नाही आणि बारीक रक्तवाहिन्या नुसत्या डोळ्यांना दिसू लागतात, अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा तो रोझेशिया असतो. ऊन, उष्णता, गरम पेयं, तिखट, मद्य, मानसिक ताण यांपैकी काहीही त्याला चेतवू शकतं. कुणाला काय बाधतं हे ज्याचं त्यानेच टिपून ठेवायचं असतं. रोझेशियात पुटकुळ्याही येतात, म्हणून लोक त्याला मुरूम समजतात. फरक असा, की मुरुमांसोबत दिसणारे काळे-पांढरे ठिपके, म्हणजे बुजलेली छिद्रं, रोझेशियात नसतात. डोळ्यांची आग होत असेल, डोळे वारंवार लाल होत असतील तर नेत्रतज्ज्ञांनाही दाखवा, कारण हा आजार डोळ्यांतही उतरतो. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही आणि आजार वर्षानुवर्षं ओळखलाच जात नाही. तिथे चेहऱ्याची जळजळ, गरमपणा आणि टोचल्यासारखं वाटणं या खुणांकडे लक्ष द्यावं लागतं.

स्टेरॉइड मलमामुळे आलेल्या लालपणाबद्दल आम्ही फार आग्रही आहोत. उजळपणासाठी, खाजेसाठी किंवा मुरुमांसाठी कुणीतरी सुचवलेली ट्यूब महिनोन्महिने चेहऱ्याला लावली जाते. सुरुवातीला चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या वर दिसू लागतात, पुटकुळ्या येतात आणि मलम थांबवलं की चेहरा भडकतो. या अवस्थेत लेसरची घाई करू नये. आधी त्वचारोगतज्ज्ञांच्या देखरेखीखाली मलम सोडवायचं आणि त्वचेला सावरू द्यायचं. त्याला काही महिनेही लागू शकतात. त्यानंतर दिसणाऱ्या रक्तवाहिन्या उरल्याच, तर लेसरचा विचार करता येतो.

नाकाच्या कडेला आणि भुवयांमध्ये लालीबरोबर तेलकट पापुद्रे सुटत असतील, तर तो सेबोऱ्हिक डर्मटायटिस असू शकतो. त्याला औषधी मलमं आणि शांपू लागतात. दोन्ही गालांवर आणि नाकावर लाल चट्टा आहे, नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जाणारी घडी मात्र कोरी आहे, शिवाय सांधे दुखतात किंवा तोंड येतं, अशा वेळी ल्युपसची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याच्या आजाराची, शंका घ्यावी लागते. हा आजार प्रकाशाने बळावू शकतो. अशा व्यक्तीला आम्ही आधी डॉक्टरांकडे आणि रक्ततपासणीला पाठवतो.

राहिले मुरूम गेल्यावर उरणारे डाग. घरी एक सोपी तपासणी करता येते. पारदर्शक काचेचा स्वच्छ ग्लास डागावर हलकेच दाबा आणि आरपार पाहा. लाली विरली तर ती रक्तवाहिन्यांची आहे आणि तिच्यावर लेसर चांगलं काम करतं. तपकिरी रंग तसाच राहिला तर तो मेलॅनिनचा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या द्रव्याचा, डाग आहे. त्याला सनस्क्रीन आणि औषधी मलमं आधी. रक्तवाहिन्यांसाठीचं लेसर तिथे नको. दोन्ही प्रकारचे डाग बऱ्याचदा काही महिन्यांत आपोआप फिके होतात, हेही सांगितलं पाहिजे.

प्रकाश काय करतो?

१९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या शास्त्रज्ञांनी मांडलेल्या तत्त्वावर आजची ही लेसर चालतात. योग्य तरंगलांबीचा प्रकाश अगदी थोड्या वेळासाठी सोडला, तर उष्णता हव्या त्या लक्ष्यातच साठते आणि आजूबाजूची त्वचा वाचते. लालपणात लक्ष्य असतं रक्तातलं हिमोग्लोबिन. ५९५ नॅनोमीटरचं पल्स्ड डाय लेसर आणि ५३२ नॅनोमीटरचं केटीपी लेसर त्यासाठी वापरतात. रक्त तापतं, वाहिनीची भिंत आतून बंद होते आणि पुढच्या काही आठवड्यांत शरीर ती हळूहळू काढून टाकतं. म्हणून दुसऱ्या दिवशी आरशात फरक शोधू नका.

आयपीएलला (इंटेन्स पल्स्ड लाइट या प्रकाशयंत्राला) लोक लेसर म्हणतात, पण त्यात एकाच तरंगलांबीऐवजी साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटरचा मिश्र प्रकाश असतो आणि फिल्टर लावून त्यातला हवा तो भाग घेतला जातो. लालपणावर तो उपयोगी आहे. मात्र तुमच्यावर नेमकं कोणतं यंत्र वापरणार, हे विचारून घ्या.

अडचण अशी, की त्वचेतलं मेलॅनिनही हाच प्रकाश शोषतं. त्वचा जितकी सावळी, तितका भाजण्याचा आणि नंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त. ऊन लागून रापलेल्या गोऱ्या त्वचेलाही हेच लागू. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेसर तुलनेने सुरक्षित असतं, कारण मेलॅनिन ते कमी शोषतं. पण ते खोल जातं आणि त्याला अनुभवी हात लागतो. थंडावा देणारी व्यवस्था, कमी ऊर्जेपासून सुरुवात आणि आधी कानाजवळ छोट्या भागावर चाचणी, या तिन्ही गोष्टींचा आग्रह धरा. चेहरा नुकताच रापला असेल, तर आम्ही काही आठवडे थांबायला सांगतो.

मुरुमांवर लेसर?

इथे आमचं मत स्पष्ट आहे : पहिला मान औषधांचा. मुरूम होतात ते जास्तीचं तेल, बुजलेली छिद्रं, क्युटीबॅक्टेरियम ॲक्नेस हे जिवाणू आणि दाह या चार गोष्टींच्या संगनमताने. ॲडापलीन आणि बेन्झॉईल पेरॉक्साइड यांसारख्या मलमांचा अनुभव आणि पुरावा दोन्ही भक्कम आहेत. खोल, दुखऱ्या गाठी असतील तर आयसोट्रेटिनॉइनसारख्या गोळ्यांचा विचार लवकर व्हावा, कारण उशीर झाला की कायमचे खड्डे पडतात. पाळी अनियमित असून जबड्याच्या कडेने मुरूम येत असतील, तर संप्रेरकांची तपासणी आधी.

मग प्रकाशाचं काम काय? सुमारे ४१५ नॅनोमीटरचा निळा प्रकाश जिवाणूंमधल्या पॉर्फिरिन या प्रकाश शोषणाऱ्या रसायनावर परिणाम करून सौम्य ते मध्यम मुरूम काही काळ कमी करतो. अलीकडचं १७२६ नॅनोमीटरचं लेसर थेट तैलग्रंथींना लक्ष्य करतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध व उपकरण नियामक संस्थेने या प्रकारच्या यंत्राला २०२२ मध्ये मुरुमांसाठी मान्यता दिली. त्याची सहसा तीन सत्रं असतात आणि परिणाम काही महिन्यांत हळूहळू दिसतो. पल्स्ड डाय लेसर मुरुमांनंतरच्या लालीवर चांगलं. चालू मुरुमांवर मात्र त्याचे निष्कर्ष उलटसुलट आहेत. खड्ड्यांसाठी फ्रॅक्शनल लेसर (त्वचेवर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी दिलं जाणारं) हा वेगळाच उपचार आहे आणि तो नवे मुरूम येणं थांबल्यावरच करावा.

आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर जरूर सांगा. पूर्वी सरसकट सहा महिने थांबत असत. २०१७ पासून तज्ज्ञांनी बऱ्याच सौम्य लेसरसाठी ही अट सैल केली आहे, पण पूर्ण चेहऱ्याचा थर काढणाऱ्या लेसरसाठी सावधगिरी कायम आहे.

उपचाराचा दिवस आणि नंतर

लालपणासाठी बहुतेकांना चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार सत्रं लागतात, काहींना जास्त. दिसणाऱ्या रक्तवाहिन्या चांगल्या जातात; एकाएकी चेहरा तापून लाल होणं मात्र कितपत थांबेल, याची हमी कुणी देऊ नये. रोझेशियाची प्रवृत्ती लेसरने जात नाही, त्यामुळे अधूनमधून पुन्हा सत्र घ्यावं लागू शकतं.

डोळ्यांवर संरक्षक कवच लावूनच उपचार होतो. ते नसेल तर सरळ नकार द्या. प्रत्येक झोत त्वचेवर रबरबँड सटकन बसावा तसा लागतो. नंतर लाली आणि सूज एक ते तीन दिवस राहते, डोळ्यांखाली जरा जास्त. पल्स्ड डाय लेसरची स्पंदनं, म्हणजे प्रकाशाचे झोत, कमी वेळाची ठेवली तर जांभळे डाग पडतात आणि ते जायला सात ते चौदा दिवस लागतात. स्पंदनं जास्त वेळाची ठेवली तर डाग टळतात, पण सत्रं वाढू शकतात. घरात कार्य जवळ आलं असेल तर आधी सांगा, म्हणजे त्याप्रमाणे ठरवता येईल. पुरुषांनी लक्षात घ्यावं, की दाढीच्या भागावर केस विरळ होऊ शकतात.

थंड पट्ट्या ठेवा, साधं मॉइश्चरायझर लावा. स्क्रब, रेटिनॉइड (ॲडापलीनसारखी मलमं) आणि गरम वाफ काही दिवस बंद. एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त असलेलं सनस्क्रीन भरपूर लावा आणि बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. फोड आला तर फोडू नका. फोटो काढून त्याच दिवशी आम्हाला फोन करा. ओठांवर वारंवार नागीणसदृश पुरळ, म्हणजे हर्पिस उठत असेल, गर्भधारणा असेल, किंवा कायमस्वरूपी रंगवलेल्या भुवया वा गोंदण असेल, तर हे सत्राआधी कळायला हवं.

पहिल्या भेटीला मेकअप न करता या. चेहरा सर्वात जास्त लाल असतानाचा एखादा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, चालू औषधांची यादी आणा आणि चेहऱ्याला लावत असलेली प्रत्येक ट्यूब, डबी सोबत घ्या. तिच्यावर नाव लिहिलेलं नसलं तरीही.